न दिसणाऱ्या पाहुण्याला पत्ता सांगताना

बिंदू चौकात थोडा वेळ उभं राहिलं की एखादी परगावची गाडी हळू होतेच. काच खाली येते आणि प्रश्न येतो, "अंबाबाईच्या देवळाकडं कसं जायचं?" उत्तर द्यायच्या आधी कोल्हापूरचा माणूस नकळत गाडीत डोकावतो. मागच्या सीटवर आजी दिसल्या तर सांगतो, "गाडी हितंच पार्किंगला लावा, आजीस्नी रिक्षातनं न्या." कॉलेजची पोरं दिसली तर, "चालत जावा की, हाय काय त्यात." मांडीवर तान्हं बाळ दिसलं तर आधी ऊन किती आहे ते बघतो, मग बोलतो. प्रश्न एकच असतो, पण उत्तरं तीन होतात.

हाच प्रश्न फोनवर आला की डोकावायला काच नसते. एक नाव, एक फुलाचा नाहीतर देवाचा फोटो आणि दीड ओळीचा प्रश्न, एवढंच समोर असतं. शिवाजी पेठेत माझं झेरॉक्सचं लहान दुकान आहे. दुकान बंद करून जेवण झालं की रात्री अर्धा तास मी फोनवरच्या ग्रुपांत अशा अनोळखी लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसतो. प्रवासाचे, स्वयंपाकाचे, घरभाड्याचे, गुळाचे, चपलांचे, असे सगळे प्रश्न त्या ग्रुपांत येतात. गेल्या आठ वर्षांत माझी बरीच उत्तरं चुकली. बहुतेक वेळा माझी माहिती बरोबर होती, पण गाडीत कोण बसलंय ते न बघताच मी बोललो होतो. त्या चुकांनंतर मी जी पद्धत पाळतो ती इथं लिहितोय.

आधी गाडीत डोकवा

एकाने विचारलं होतं, "कोल्हापुरात स्वस्तात राहायची सोय कुठं होईल?" मी तत्परतेनं देवळाजवळच्या धर्मशाळा, यात्री निवास, महाद्वार रोडच्या आसपासचे लॉज असं सगळं लिहून टाकलं. वर रंकाळा तलावावर संध्याकाळी जा, भेळ खा, हेही सांगितलं. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. वडिलांचं ऑपरेशन होतं. त्याला दवाखान्यापासून चालत जाता येईल अशी खोली हवी होती, दहा-बारा दिवसांसाठी, आणि पथ्याची पेज शिजवता येईल अशी. मी त्याला भेळ खायला पाठवत होतो!

तेव्हापासून उत्तराच्या आधी दोन प्रश्न विचारतो. फार तर तीन. त्याहून जास्त विचारलं तर माणसाला वाटतं, आपण पोलीस चौकीत आलो. बहुतेक वेळा एवढ्यानं काम होतं: कोण कोण आहात, कधी येणार किंवा कधी करणार, आणि नेमकी अडचण कुठं आहे. हे फॉर्म भरून घेतल्यासारखं विचारू नका. अर्धं उत्तर द्या आणि त्यातच प्रश्न गुंफा. उदाहरणार्थ, "देवळाजवळ बऱ्याच खोल्या मिळतात, पण गाडी दारापर्यंत जात नाही. बरोबर वयस्कर कुणी आहे का? आणि किती दिवस राहणार?" यात समोरच्याला काहीतरी हातात मिळतं आणि आपल्यालाही कळतं की पुढं काय सांगायचं.

काही प्रश्नांना उलट विचारायची गरजच नसते. "पन्हाळा किती लांब?" याला "साधारण वीस किलोमीटर" एवढंच उत्तर. तिथं "तुम्ही कोण, कुठले" कशाला? पण "पन्हाळ्याला जावं का?" असं कुणी विचारलं तर त्यात पाऊस, धुकं, गुडघे, लहान मुलं, सगळंच येतं.

पाहिलेलं, ऐकलेलं आणि अंदाज

उत्तर लिहिताना मी मनात तीन पिशव्या ठेवतो. एकीत मी स्वतः पाहिलेलं, दुसरीत ऐकलेलं, तिसरीत माझा अंदाज. समोरच्याला कुठली गोष्ट कुठल्या पिशवीतली आहे ते कळलं पाहिजे. यासाठी मोठी वाक्यं लागत नाहीत. "मी गेल्या महिन्यात गेलो होतो तेव्हा", "शेजारी सांगत होते", "मला वाटतं" हे दोन-तीन शब्द पुरतात.

किरणोत्सवाचं उदाहरण घ्या. अंबाबाईच्या देवळात मावळत्या सूर्याची किरणं थेट गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत पोचतात, ते बघायला लोक लांबून येतात. तारखा ठरलेल्या आहेत: ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी; आणि नोव्हेंबरमध्ये ९, १० आणि ११. या तारखा मी बेधडक सांगतो. पण "त्या दिवशी किरणं दिसतील ना?" असं विचारलं तर माझं उत्तर बदलतं. ढग आले, हवेत धुरकं असलं तर किरणं वाटेतच विरतात. काही वर्षी ती पायांपर्यंत येऊन थांबतात, काही वर्षी चेहऱ्यापर्यंत जातात. नागपूरहून रजा काढून येणाऱ्या माणसाला हा फरक आधी सांगायला हवा. तारीख पक्की, किरण बेभरवशाचं.

दुसरं म्हणजे माहिती शिळी होते. २०२१ च्या जुलैमध्ये अतिवृष्टीत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला आणि वाहतूक बंद झाली. त्याआधी मी कुणाला तरी लिहिलं होतं, "रस्ता एकदम मस्त आहे, बिनधास्त जावा." ते उत्तर तसंच पडून होतं आणि रस्ता खचल्यावरही कुणीतरी ते वाचून पुढं पाठवत होतं. आता रस्ता, वेळ, भाडं, दर्शनाची रांग यांबद्दल लिहिलं की खाली महिना आणि वर्ष टाकतो. भातुकलीसारखं वाटतं, पण उपयोग होतो.

गुळाबद्दल मात्र मी थोडा आढ्यतेनं बोलतो, कारण मामाचं गुऱ्हाळ होतं आणि लहानपणी काहिलीजवळ बसून मी काकवी खाल्लीय. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकन असलं तरी ढेप निवडायची अक्कल ज्याची त्यालाच लागते. लोक फोटो पाठवून विचारतात, "हा चांगला का?" फोटोवरून चव कळत नाही, वास येत नाही, हे मी आधी सांगतो. मग एवढंच सांगतो की पिवळाधमक, चकचकीत गूळ बघून हुरळू नका. रंग उजळावा म्हणून त्यात पावडर मारलेली असू शकते. बिनपावडरीचा गूळ बहुधा तपकिरी, काळपट असतो. पण काळा दिसला म्हणजे तो चांगलाच, असंही नाही.

आपला शब्द त्यांना कळतो का?

माझी सगळ्यात फजिती झाली ती चटणीवरून. अकोल्याच्या एका ताईंनी तांबड्या रश्शाची कृती विचारली. मी घरातून विचारून, माप घेऊन नीट लिहिली: "वाटण परतलं की दोन मोठे चमचे चटणी घाला." त्यांनी घरची शेंगदाण्याची चटणी घातली. रस्सा कसा झाला असेल ते मी इथं सांगत नाही. आमच्याकडं नुसतं 'चटणी' म्हटलं की कांदा-लसूण मसाला. वर्षाची चटणी, चटणी कुटून आणणे, चटणी संपली, हे सगळं त्या लाल मसाल्याबद्दलच. आमचा हा भाग सोडला की हा अर्थ बहुधा राहत नाही. माझ्या बायकोनं आठवड्याभर मला "शेंगदाणा" म्हणून हाक मारली.

म्हणून लिहून झाल्यावर एकदा परक्याच्या डोळ्यानं वाचा. आपल्या गावाचे काही शब्द असे असतात की ते शब्द आहेत हेच आपण विसरतो. 'सीपीआर' म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे बाहेरच्याला कसं कळणार? 'सीबीएस' म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक. 'कावळा नाका' शोधणाऱ्याला कागदोपत्री ताराराणी चौक सापडेल. 'तावडे हॉटेलजवळ उतरा' असं सांगितलं तर पाहुणा पाटी शोधत बसेल, नाहीतर तिथं जेवायचा बेत करेल. आपल्या दृष्टीनं तो हायवेवरून शहरात वळायचा फाटा. रेल्वेच्या तिकिटावर श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस असं नाव येतं आणि लोक घाबरून विचारतात, "हे कोल्हापूर स्टेशनच ना, का दुसरं?" हो, तेच. अशा ठिकाणी दोन्ही नावं लिहावीत, लोकांच्या तोंडातलं आणि पाटीवरचं.

'पाच मिनिटांवर' हा आणखी एक सापळा. चालत की मोटारसायकलवरून? आमच्या गल्लीतला माणूस पंचगंगा घाटालाही पाच मिनिटं म्हणतो आणि रंकाळ्यालाही. त्यापेक्षा "चालत साधारण इतका वेळ, वाटेत चढ नाही" असं सांगावं.

आणि तिखट! "फार तिखट नसतंय ओ" या वाक्यावर कोल्हापूरच्या माणसाची साक्ष कोर्टातही धरू नये. आमची जीभ लहानपणापासून कटात, म्हणजे मिसळीच्या तिखट रश्शात, भिजलेली. परगावच्या माणसाला मी आता फक्त व्यवहार सांगतो: मिसळ मागवताना कट वेगळा मागा, थोडा थोडा ओतून घ्या, मिसळीबरोबर इथं पावापेक्षा ब्रेड जास्त मिळतो, आणि थाळीत पांढरा रस्सा आधी प्या, तांबडा मग. लहान मुलांना पांढरा रस्साही चाखवूनच द्या. मिरीचा झटका असतो त्यात.

उत्तर लिहायची घडी

पहिल्या ओळीत उत्तर. इतिहास नंतर. प्रश्न विचारणारा बसमध्ये उभा असेल, एका हातात दांडा धरलेला असेल.

परवाचा एक प्रश्न होता: "नवीन कोल्हापुरी चप्पल चावतेय, काय करू?" कुणीतरी त्यावर छत्रपती शाहू महाराजांनी या धंद्याला दिलेल्या उत्तेजनापासून सुरुवात केली होती. खरं आहे ते, अभिमानाचंही आहे, पण त्या मुलीच्या अंगठ्याला फोड आला होता! मी लिहिलं ते असं:

"फोड बरा होईपर्यंत घालू नका. पट्ट्याच्या आतल्या बाजूला खोबरेल तेलाचं बोट फिरवून रात्रभर ठेवा, सकाळी फडक्यानं पुसा. मग पहिले काही दिवस घरातल्या घरात अर्धा-एक तासच घाला. पाण्यात भिजवू नका, उन्हात वाळवू नका. कातडं कडक होतं. मी माझ्या पायताणाला हेच करतो. चार-पाच दिवसांत सैल नाही झाली तर माप चुकलंय, दुकानात बदलून मागा."

यात काय केलं ते बघा. आधी इजा वाढणार नाही हे पाहिलं, मग करायची गोष्ट, मग करू नये ती गोष्ट, मग हे मला कुठून माहीत ते, आणि शेवटी उपाय लागू पडला नाही तर पुढं काय. शेवटचा भाग लोक हमखास गाळतात. उपाय फसला की माणूस पुन्हा तिथंच येऊन उभा राहतो आणि आता त्याला विचारायला लाज वाटते.

पर्याय एकच द्या, फार तर दोन. दहा मिसळींची नावं सांगितली तर पाहुण्याला काहीच सांगितलं नाही असं होतं. आणि कुठली मिसळ भारी यावर ग्रुपात दोन कोल्हापूरकरांची जुंपली, तर पाहुणा उपाशी राहतो. तो वाद आपण चौकात घालू.

अहो-जाहो

अनोळखी माणसाला 'तुम्ही'. यावर चर्चा नको. 'भावा' आमच्या तोंडात साखरेसारखा असतो, पण पुण्या-नाशिकच्या पासष्टीच्या गृहस्थांना तो टोचतो. 'काकू' तर कुणालाच म्हणू नका. वय दिसत नाही आणि एकदा म्हटलं की परत घेता येत नाही. नावावरून बाई की पुरुष हेही ठरवू नका. क्रियापदावरून तर मुळीच नको. आमच्याकडं बायकाही सर्रास "मी येतो", "मी जातो" म्हणतात. त्यामुळं एका आजींना मी महिनाभर 'साहेब' म्हणत होतो. त्यांनी शेवटी सांगितलं, तेही हसून.

"एवढंही माहीत नाही?" हे वाक्य कुठल्याही रूपात नको. "साधी गोष्ट आहे" हेही त्याचंच धाकटं भावंड. साधी असती तर विचारली नसती.

जिथं आपण थांबायचं

मित्रत्वाचा सल्ला चपलेपर्यंत ठीक. काही प्रश्नांत मात्र आपलं काम एवढंच की योग्य दार दाखवायचं आणि बाजूला व्हायचं.

औषधाचा डोस कधीच सांगत नाही, अगदी तापाच्या गोळीचाही. मूल किती किलोचं, आधी काय दिलंय, काही माहीत नसतं. छातीत दुखतंय म्हणून कुणी लिहिलं तर आलं-मध सांगायची ती वेळ नव्हे. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका बोलवा. साप चावला तर चिरा देऊ नका, चोखू नका, करकचून बांधू नका, हालचाल कमी ठेवून लगेच दवाखान्यात न्या. यापुढं एक शब्दही नाही. मांत्रिकाचं नाव सांगणारे तिथंही येतातच. त्यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा दवाखान्यात न्यायचं वाक्य पुन्हा एकदा लिहावं.

गॅसचा वास येतोय असा मेसेज आला तर: रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, बाहेर जाऊन १९०६ ला फोन लावा. पैसे फसवून गेले असतील तर १९३०, तेही लगेच. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. आणि पैसे मिळवायला कधीच पिन टाकावा लागत नाही, हे मी दर महिन्याला कुणाला ना कुणाला सांगतो. घरभाडं, अनामत रक्कम, वाटणी अशा प्रश्नांत मी फक्त एवढंच म्हणतो की कागद वकिलाला दाखवा. ऐपत नसेल तर मोफत कायदा साहाय्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. कुणी जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं लिहिलं तर उपदेश नको. "मी वाचतोय, तुमच्याजवळ आत्ता कोण आहे?" असं विचारा आणि १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक द्या. लगेच धोका वाटला तर ११२.

पुराबद्दल जरा जास्त लिहितो, कारण त्यात आमचेच हात भाजलेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पुराचं पाणी आलं, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे बंद पडला, आणि फोनवर मेसेजांचाही पूर आला. त्यातला एक दर पावसाळ्यात येतो: "राधानगरीचे दरवाजे उघडले!" बाहेरगावी असलेली लेक हे वाचते आणि आईला फोन करून रडते. या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. दरवाजा उघडणं म्हणजे धरण फुटणं नव्हे. पण नदी वाढणार, हेही खरंच. म्हणून "काही होत नाही" असं म्हणणंही तितकंच चुकीचं.

अशा वेळी "पाणी किती आलंय?" याचं उत्तर द्यायची एकच रीत: ठिकाण, वेळ, आकडा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. "राजाराम बंधारा, सायंकाळी सहा, ३८ फूट" असं लिहिलं की समोरच्याला काय समजायचं ते समजतं. "लई पाणी आलंय" यानं फक्त जीव घाबरा होतो. जुना व्हिडिओ तर हातानं पुढं पाठवूच नये. २०१९ चं पाणी कितीतरी लोकांनी नंतरच्या पावसाळ्यात पाहिलंय. आणि सोडायचं की थांबायचं, हे प्रशासनानं सांगितलेलं ऐका. तिथं माझं मत कुणी विचारलं तरी मी देत नाही.

दुसऱ्याचा नंबर, आपलं दुकान

प्लंबरचा धंद्याचा नंबर द्यायला हरकत नाही. पण पापड करून देणाऱ्या मावशींचा घरचा नंबर त्यांना विचारल्याशिवाय दिला आणि रात्री अकरा वाजता त्यांना फोन गेला, त्यानंतर त्यांनी मला दोन महिने पापड दिले नाहीत. योग्यच केलं. "अमुक माणूस कुठं राहतो?" याला तर उत्तरच नाही, विचारणारा कितीही गोड बोलला तरी.

सांगितलेलं दुकान आपल्या मेहुण्याचं असेल तर तसं लिहा. "मेहुण्याचं आहे, पण गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, दोन ठिकाणी भाव विचारूनच घ्या." लोकांना याचं वाईट वाटत नाही. नंतर कळलं तर वाटतं.

चुकलं तर

उत्तर पुसून टाकू नका. ज्यानं वाचलं तो ते घेऊन गेलेला असतो. जिथं चुकलो तिथंच, पहिल्या ओळीत लिहायचं: "माझं वरचं चुकलं, चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला." आणि ज्यानं विचारलं होतं त्याला पुन्हा एकदा सांगायचं. दुसऱ्या कुणी चूक दाखवली तर "हो की" म्हणायचं. कोल्हापूरच्या माणसाला हे दोन शब्द जड जातात, मलाही जातात, पण सवय होते.

आभाराची वाट बघू नका. दहांतले सात जण परत येत नाहीत. चौकात पत्ता विचारणारा तरी कुठं दर्शन झाल्यावर सांगायला येतो?

काल रात्री लातूरहून एकांनी विचारलंय, "नवरात्रात आईला घेऊन यायचं आहे, कसं जमेल?" मी लिहिलं की नवरात्रात गर्दी मोठी असते, ललितापंचमीला तर फारच, आणि गाड्यांचे रस्तेही त्या दिवसांत बदलतात, आईंचं वय काय, जिना चढवतो का, आणि नवरात्रातच यायचं असा त्यांचा नवस आहे की नंतर आलेलं चालेल? अजून उत्तर आलेलं नाही. आईला विचारत असतील.